या चुका टाळा : "झोपू द्या, सकाळी उतरंल"

पिऊन पडलेल्या माणसाजवळ उभं राहून बोललं जाणारं सगळ्यात घातक वाक्य हेच. शेवटचा घोट घेतल्यावरही पोटातली दारू रक्तात जातच असते. आत्ता बरळणारा गडी तासाभरात पार बेशुद्ध होऊ शकतो.

अँब्युलन्सवर असताना गेवराईकडच्या एका लग्नात हेच बघितलं. नवरदेवाच्या मावसभावाला पोरांनी मांडवामागं सतरंजीवर उताणं टाकलं आणि परत डीजेपुढं. एक आजी म्हणाली, "आरं, ह्याचं घोरणं येगळंच लागतंय." पोरं हसली. आम्ही पोचलो तर ओठ निळे आणि घशात उलटीची घुरघुर. कुशीवर घेतलं, तोंडात दिसेल तेवढं काढलं, ऑक्सिजन लावला. पोरगं वाचलं, पण उलटी छातीत गेल्यानं न्यूमोनिया झाला आणि बरेच दिवस दवाखान्यात पडून होतं.

माझी सवय अशी: पिलेला माणूस आडवा दिसला की आधी कुशीवर. वरचा गुडघा पुढं वाकवलेला, वरचा हात गालाखाली, तोंड जमिनीकडं कललेलं. जवळ न पिलेलाच माणूस बसवायचा. त्यानं श्वास मोजायचे. मिनिटाला आठपेक्षा कमी, दोन श्वासांत दहा सेकंदांचा खंड, किंवा चिमटा काढूनही हूं की चूं नाही, तर १०८. श्वासच थांबला तर छाती दाबायला लागा, मिनिटाला १०० ते १२० वेळा.

माझा दुसरा राग मिठाच्या पाण्यावर. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला उलटी करायला लावली की ती फुप्फुसात जाते, आणि मीठ जास्त झालं तर त्यानंही जीव जातो. ताक, लिंबू, काळा चहा यांनी दारू उतरत नाही. यकृत आपल्या चालीनं चालतं. पण लोकांना वाट बघवत नाही, काहीतरी पाजलं की सेवा केल्यासारखं वाटतं.

अंगावर गार पाण्याची बादली ओतू नका, दारूनं अंग आधीच थंड पडतं; चादर टाका.

फिट आली तर चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा कोंबू नका. रोजच्या पिणाऱ्यानं एकदम सोडली तरी दोन दिवसांत फिट येऊ शकते. नाटक नसतं ते.

हातभट्टी पिऊन दुसऱ्या दिवशी धूसर दिसू लागलं तर थेट दवाखाना.

वास आला म्हणून दारूच, असंही नाही. डोक्याला मार असतो, शुगर उतरलेली असते. आणि आपल्याकडं दारूसोबत विषारी औषध पिलेले किती येतात! तोंडाला फेस, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या असल्या तर फवारणीचं औषध समजा. हाताला प्लास्टिक बांधून त्याचे कपडे काढा, तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नका, डबा सोबत द्या. गोळ्या किंवा कफ सिरप असेल तर रिकामं पाकीटही. पोलीस केसच्या भीतीनं ते लपवणाऱ्यांनी डॉक्टरांचा फार वेळ खाल्लाय.

आणि १०८ ला नुसतं "शेतातल्या आखाड्यावर या" सांगू नका. फाट्यावर बॅटरी घेऊन एक पोरगं उभं करा.