एसएसईपीला येण्याआधी

एसएसईपी म्हणजे हातापायाच्या नसेला विजेचे हलके झटके देऊन त्यांचा संदेश मज्जारज्जूतून मेंदूपर्यंत कसा पोचतो ते पाहायची तपासणी. आदल्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करा आणि मग तेलाच्या बाटलीला हात लावू नका. कंडिशनर, जेलही नको. आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ खातं ते हे तेलच. मनगटाच्या नसेला दिलेल्या हलक्या झटक्याचा प्रतिसाद मेंदूवर सुमारे २० मिलिसेकंदांनी उमटतो, तोही जेमतेम एक-दोन मायक्रोव्होल्टचा. मेंदूचा स्वतःचा गलका त्याच्या कितीतरी पट मोठा. म्हणून सेकंदाला तीन ते पाच असे शेकडो झटके देऊन सरासरी काढायची, तेव्हा कुठे त्या प्रतिसादाची रेघ स्क्रीनवर वर येते. खात्रीसाठी मग तेच पुन्हा. टाळू तेलकट असली की पेस्ट धरत नाही, तिने चिकटवलेला इलेक्ट्रोड (संदेश टिपणारी छोटी चकती) सरकतो आणि रेघेऐवजी नुसती खरखर दिसते.

कपडे सैल घाला. पायाची तपासणी असेल तर एक इलेक्ट्रोड गुडघ्यामागे लागतो, आणि चुडीदार काही केल्या तिथवर सरकत नाही! पैंजण, बांगड्या, घड्याळ, मंगळसूत्र घरीच ठेवलेलं बरं. हातापायांना त्या दिवशी क्रीम लावू नका. थंडीत बाइकवरून येणार असाल तर हातमोजे, पायमोजे घाला. गार पडलेल्या हातापायांत नसेचा वेग मंदावतो आणि रिपोर्ट उगाच वाईट दिसतो.

पेसमेकर किंवा शरीरात बसवलेलं दुसरं कुठलंही यंत्र असेल तर ते अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, टेबलावर झोपल्यावर नव्हे. नेहमीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. उपाशी येऊ नका. तास-दोन तास जातात, तेव्हा आधी लघवीला जाऊन या. एमआरआय, एनसीव्ही (नसांचा वेग मोजणारी तपासणी) यांचे जुने रिपोर्ट सोबत हवेत, आणि बी-१२ तपासलं असेल तर तेही, कारण त्याच्या कमतरतेने मज्जारज्जूतली नेमकी हीच वाट बिघडते. उंची विचारली तर अंदाजे सांगू नका. पायाचा प्रतिसाद उंच माणसात उशिरा येतो, आणि नॉर्मल काय ते त्यावरच ठरतं.

सुया टोचणार का, हे जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. साधारणपणे नाही, सुईची तपासणी ती ईएमजी, स्नायूंची. इथे अंगठा टुकटुक उडताना दिसेल, तो उडायलाच हवा, नस बरोबर सापडल्याची ती खूण. तुम्ही फक्त दात आवळू नका, मान सैल सोडा. डुलकी लागली तर खुशाल लागू द्या. मोबाइल मात्र बाहेर बसलेल्या नातेवाइकाकडे.