हिरवा लेझर दोन मिनिटांत मंदावतो? आधी सेल तपासा

इंदूरच्या जेल रोडवर '९९०० एमएएच' (सेलची क्षमता) छापलेला १८६५० सेल, म्हणजे लेझरमध्ये बसणारा १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब लिथियम-आयन सेल, सर्रास मिळतो. छापील आकड्यावर जाऊ नका, काट्यावर ठेवा. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो आणि या मापात ३६०० एमएएचच्या वर खरं क्वचितच काही मिळतं. आमचा ३१ ग्रॅमचा निघाला! मल्टिमीटरवर ४.१८ व्होल्ट दिसायचे, पण बटण दाबताच ३.१. म्हणजे सेल पोकळ, डायोड (लेझरचा प्रकाश देणारा भाग) ठणठणीत.

नवा घेताना प्रोटेक्शन सर्किटवाला (जास्त चार्ज-डिस्चार्ज रोखणारी पट्टी असलेला) घेतला. तो ६५ऐवजी साधारण ६९ मिमी लांब असतो, त्यामुळे मागचं झाकण बसेना. स्प्रिंग थोडी दाबून घ्यावी लागली. जागा आहे म्हणून दोन १६३४० (३४ मिमी लांबीचे छोटे सेल) मात्र घालू नका. ते ८.४ व्होल्ट होतात, एका सेलसाठी बनलेला ड्रायव्हर (डायोडचा करंट सांभाळणारं सर्किट) जळतो.

चार्जिंगला टीपी४०५६ मॉड्यूल (छोटं चार्जर सर्किट), १ अँपिअर, ४.२ व्होल्टला आपोआप बंद. २.५ व्होल्टच्या खाली गेलेला सेल चार्ज करू नये, फार खाली गेला तर आत तांबं विरघळून शॉर्ट होऊ शकतो. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर तर सेल ठेवायलाच नको. महिनोन्‌महिने ठेवायचा असेल तर ३.७-३.८ व्होल्टवर, लेझरमधून काढून.