लहानपणीचं आवडतं पुस्तक परत वाचायचंय? मग आधी हे करा

सगळ्यात पहिलं म्हणजे पुस्तक उघडायच्या आधी एक कागद घ्या आणि त्यातलं काय काय आठवतंय ते लिहून काढा. खोटं वाटेल, पण निम्मी मजा इथेच आहे. मी 'श्यामची आई'बद्दल लिहिलं होतं: पाय मळू नयेत म्हणून आईने पसरलेला पदर, पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला दिलेला मार, आणि शेवटी आपण ढसाढसा रडलो ते. बास. मग वाचायला घेतलं तर पानापानावर कर्ज! सावकार, त्याची माणसं, जप्ती, वडिलांची हतबलता, हे सगळं लहानपणी डोळ्यासमोरून गेलंच असणार ना, पण डोक्यात शिरलं नव्हतं कारण तेव्हा घराचा हप्ता मी भरत नव्हतो.

दुसरं, लेखकाचं तेव्हाचं वय काढा. साने गुरुजींचा जन्म 1899 चा, आई गेली 1917 मध्ये, आणि पुस्तक लिहिलं 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात. म्हणजे लिहिताना गुरुजी 33 वर्षांचे! मी आत्ता त्यांच्यापेक्षा मोठाय, आणि हे कळल्यावर पुस्तकाकडे बघायची नजरच बदलते, कोणी म्हातारा आजोबा उपदेश करतोय असं वाटायचं बंद होतं आणि आई जाऊन पंधरा-सोळा वर्षं झालेला एक माणूस दिसायला लागतो. उपदेश तरीही जास्त होतो हां, ते मी नाकारत नाही, काही रात्री (पुस्तकातल्या प्रकरणांचं नावच 'रात्र' आहे) मी सरळ उड्या मारत वाचल्या.

फास्टर फेणेसाठी वेगळी युक्ती: मोठ्याने वाचा, आणि शक्यतो घरातल्या एखाद्या पोराला समोर बसवून. मनात वाचलं की मोठं डोकं लगेच चुका काढतं, हा पोरगा दर वेळी बरोब्बर गुन्हेगारांच्याच वाटेत कसा काय येतो वगैरे. मोठ्याने वाचलं की भा. रा. भागवतांची भाषा कशी सायकलसारखी पळते ते कळतं. माझ्या भाचीने दुसऱ्या पानापासून जिभेने फेणेसारखं 'टॉक्' करायला सुरुवात केली ती जेवायला बसेपर्यंत थांबली नाही. तिने एवढंच विचारलं की यात मुली कुठेत, मी म्हटलं अगं माली आहे की, तर म्हणे एकच? आता यावर काय बोलणार. आणि फेणेचं गाव फुरसुंगी म्हटलं की मला तेव्हा पुण्याबाहेरचं छान गाव दिसायचं, आता पहिल्यांदा आठवतो तो कचरा डेपो आणि ट्रॅफिक, त्याला भागवत काय करणार बिचारे!

जुन्या काळाच्या खटकणाऱ्या गोष्टी येणारच, मुलांना मारणं, जातपात, बायकांनी सोसत राहणं. त्या वाचताना गाळू नका, थांबा आणि बोला. गाळलं तर पोरांना कळतंच की मामाने काहीतरी खाल्लंय.

शक्य असेल तर जुनी प्रत शोधा, नवीन चित्रांची आवृत्ती घेतली तर आठवण आणि पुस्तक यांची भांडणं लागतात. प्रत नसेल तर 'किशोर' मासिकापासून सुरुवात करा, 1971 पासूनचे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन फुकट ठेवलेत. फक्त रात्री अकरानंतर उघडू नका, मी एकदा एक दिवाळी अंक चाळायला घेतला आणि दोन वाजले.

तीस पानं होऊनही काही होत नसेल तर पुस्तक ठेवून द्या, रद्दीत मात्र घालू नका. मी 'चांदोबा'चे अंक विसाव्या वर्षी बालिश म्हणून माळ्यावर टाकलेले, चाळिशीत काढले तर विक्रमाने दर वेळी मुकाट्याने प्रेत परत खांद्यावर घेणं बघून मला माझं ऑफिस आठवलं आणि एकटाच हसत बसलो.