इटलीच्या टाचेवर हिवाळी सायकल : या चुका टाळा

इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो. त्या बुटाची टाच म्हणजे सालेंतो. पूर्वेला एड्रियाटिक समुद्र, पश्चिमेला आयोनियन समुद्र आणि अगदी टोकाला सांता मारिया दी लेउका हे गाव. पूर्व किनाऱ्यावरच्या ओत्रांतोहून लेउकाला किनाऱ्याने साधारण 50 किलोमीटर, तिथून पश्चिम किनाऱ्यावरच्या गाल्लीपोलीला जवळजवळ तेवढंच (हे इटलीतलं गाल्लीपोली, पहिल्या महायुद्धातलं तुर्कस्तानचं नव्हे). ऑगस्टमध्ये या रस्त्यावर गाड्यांची रांग असते. नोव्हेंबर ते मार्च तोच रस्ता आपलाच. दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर, मध्ये दोनदा कॉफी, अशा चालीने चार दिवसांत आरामात होतो. खालच्या चुका केल्या नाहीत तर. यातल्या निम्म्या आम्ही दोघांनी स्वतः करून पाहिल्या आहेत.

समुद्रकाठी मुक्काम ठरवणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. नकाशावर पेस्कोलुझे, तोर्रे वादो, तोर्रे सान जोव्हान्नी अशी नावं किनाऱ्याला ओळीने दिसतात आणि आपण खूश होतो. प्रत्यक्षात यातली बरीचशी उन्हाळी घरांची वस्ती. मोसम संपला की खिडक्यांच्या फळ्या लागतात, आइस्क्रीमवाला कुलूप लावतो, उरतात मांजरं. भर पावसाळ्यातला कोकणातला एखादा समुद्रकिनारा आठवा, पण तिथे मागे निदान गाव जागं असतं. आम्ही डिसेंबरात अशाच एका वस्तीत संध्याकाळी पोचलो. खोली मिळाली, जेवण नाही. रात्री बिस्किटं आणि संत्री खाऊन झोपलो. सकाळी मालकीणबाईंनी शांतपणे सांगितलं, चार किलोमीटर आत गावात पिझ्झाची भट्टी पेटलेली होती.

तेव्हा लक्षात आलं की इथल्या प्रत्येक किनारी वस्तीला आत एक मूळ गाव आहे. तोर्रे सान जोव्हान्नीचं उजेंतो, पेस्कोलुझेचं साल्वे, त्रिकासे पोर्तोचं त्रिकासे. हिवाळ्यात दुकानं, औषधं, माणसं सगळं तिथे. म्हणून दिवस समुद्राकाठी घालवायचा आणि झोपायला आत वळायचं. ओत्रांतो आणि गाल्लीपोली मात्र बारमाही गावं आहेत, तिथे खुशाल पाण्याजवळ राहा.

खोली घेताना एक प्रश्न विसरू नका : ‘रिस्काल्दामेंतो’ आहे का, म्हणजे खोली गरम करायची सोय. उंच कमानींच्या छताच्या दगडी खोल्या फोटोत सुरेख दिसतात. जुलैत थंडगार असतात, जानेवारीतही तितक्याच थंडगार.

वारा न बघता दिशा ठरवणं

पुस्तकी हिशोब सोपा आहे. इटलीत वाहनं उजवीकडून चालतात, म्हणून गाल्लीपोलीहून लेउका आणि लेउकाहून ओत्रांतो असं निघालं की समुद्र सतत आपल्या बाजूला राहतो, वाटेल तिथे रस्ता न ओलांडता थांबता येतं. आमचाही आग्रह याच दिशेचा. पण इथे अंतिम शब्द वाऱ्याचा. उत्तरेकडून येतो तो त्रामोंताना, कोरडा आणि बोचरा. आग्नेयेकडून येतो तो शिरोक्को, दमट, उबदार, बऱ्याचदा पाऊस घेऊन. इथली माणसं पोहायला कुठे जायचं तेही यावरच ठरवतात : त्रामोंताना असेल तर आयोनियनला, शिरोक्को असेल तर एड्रियाटिकला, कारण त्या दिवशी तिथलं पाणी शांत.

सायकलवाल्याचं गणितही त्याच्या जवळपास जातं. त्रामोंतानात गाल्लीपोली ते लेउका वारा पाठीशी. लेउकाहून उत्तरेला वळलात की तोच छातीवर. मग हट्ट करू नका. लेउका-त्रिकासे भागात एक दिवस मोकळा ठेवा, वारा बदलायची वाट बघा. वेळच नसेल तर किनारा सोडून आतल्या अरुंद वाटा धरा, दोन्ही बाजूंना दगडी गडगे असतात, आपल्या कोकणात असतात तसेच, चुना-सिमेंट न लावता रचलेले. ऑलिव्हच्या झाडांच्या आडोशावर मात्र विसंबू नका. 2013 मध्ये गाल्लीपोलीच्या आसपास झायलेला नावाच्या जिवाणूचा रोग सापडला आणि तेव्हापासून इथली लाखो झाडं वाळली. काही ठिकाणी मैलभर नुसते राखाडी सांगाडे दिसतात. ते बघत सायकल चालवणं सोपं जात नाही.

आणखी एक गैरसमज, किनारा म्हणजे सपाटी. आयोनियन बाजू सपाट आहे हे खरं, पण एड्रियाटिक बाजू कड्याची आहे. कास्त्रोचं जुनं गाव समुद्रापासून शंभरेक मीटर वर बसलंय. एकेक चढ छोटा, पण संपला म्हणेस्तोवर पुढचा येतो.

दुपारी एकनंतरच्या दुकानांच्या भरवशावर राहणं

दुकानं एकच्या सुमारास बंद होतात ती साडेचार-पाचपर्यंत. जेवणाची भट्टी संध्याकाळी साडेसातच्या आधी पेटत नाही. त्यात डिसेंबरात सूर्य साडेचारच्या आतच मावळतो, म्हणजे दुकान उघडेल तेव्हा अंधार. खरेदी सकाळी उरका. पिशवीत फ्रिसेल्ले ठेवा : दोनदा भाजलेला कडक पाव, टोस्टहून कठीण. पाण्यात क्षणभर बुडवून टोमॅटो, मीठ, ऑलिव्ह तेल घातलं की जेवण झालं. पाण्याची चिंता कमी, गावागावात ओतीव लोखंडाचे सार्वजनिक नळ आहेत.

अंधाराचा मुद्दा कायद्याचाही आहे. वस्तीबाहेर, सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने चमकतं जाकीट घालणं सायकलस्वाराला बंधनकारक आहे. दिवे तर हवेतच.

सायकलीच्या कुरबुरी

विमानातून आलेल्या सायकलीचे गिअर उड्या मारत असतील तर केबल पिळत बसू नका. मागच्या गिअरचा आधार धरणारी छोटी पट्टी बहुतेकदा वाकलेली असते, आधी ती बघा, आणि एक जादा घरूनच आणा. पेडल निघत नसेल तर डावं उलट फिरतं, घड्याळाच्या दिशेने. चेन दोन दिवसांत तांबूस होते, ती खाऱ्या वाऱ्याची करामत. रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसून, वाळवून तेल द्या. इलेक्ट्रिक सायकल इथूनच भाड्याने घ्या, तिची बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही.

परतीला लेचे या इथल्या मोठ्या शहराकडे जाणारी छोटी रेल्वे रविवारी आणि सणाला मिळेलच असं धरू नका. 1 नोव्हेंबर आणि 8 डिसेंबर हे दोन्ही सुट्टीचे दिवस.

शाकाहारी मंडळींची इथे उपासमार होत नाही. सोललेल्या बाकल्याचं (फावा बीन्सचं) घट्ट पिठलं आणि कडसर पालेभाजी, ‘फावे ए चिकोरिए’, हे इथलं रोजचं जेवण, आणि आपल्याला ते फार परकं वाटतही नाही. सकाळचा प्रसिद्ध पास्तिचोत्तो, म्हणजे क्रीम भरलेली छोटी पेस्ट्री, मात्र विचारून खा. आत दूध-अंड्यांची क्रीम असते आणि बाहेरच्या पिठात जुन्या पद्धतीने डुकराची चरबी घालतात.