चित्रकाराची पत्रे साहित्य म्हणून कशी वाचावीत

व्हिन्सेंट व्हॅन गॉगची पत्रे हातात घेणारे बहुतेकजण त्यात चित्र शोधतात, नाहीतर आजार. अमुक चित्र कधी काढलं, कान का कापला, शेवटी नेमकं काय झालं, ही उत्तरं मिळाली की पुस्तक मिटतं. आपण मराठी वाचक जी. ए. कुलकर्णींची पत्रं मात्र अशी वाचत नाही. कथांची टिपणं म्हणून त्यांच्याकडे कोणी बघत नाही, ती पत्रं म्हणूनच हवी असतात. व्हिन्सेंटलाही तोच मान मिळायला हवा. त्याने एकही चित्र काढलं नसतं, तरी ही पत्रं वाचायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे. ती कशी वाचावीत, ते इथे सांगतो आहे.

आधी साहित्य जमवा

त्याने लिहिलेली सुमारे ८२० पत्रं आज शिल्लक आहेत. पहिलं १८७२ मधलं, शेवटचं जुलै १८९० मधलं. बहुतेक पत्रं चार वर्षांनी धाकटा भाऊ थिओ याला आहेत. काही डच भाषेत, काही फ्रेंचमध्ये, थोडी इंग्रजीत. ही पत्रं आपल्यापर्यंत पोचली ती थिओच्या बायकोमुळे. व्हिन्सेंट गेल्यावर सहा महिन्यांत थिओही गेला. योहाना तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती, कडेवर वर्षाचं मूल. बऱ्याच पत्रांवर तारखाच नव्हत्या. तिने ती लावली, उतरवली आणि १९१४ मध्ये छापून आणली.

२००९ मध्ये सगळ्या पत्रांची सटीप आवृत्ती निघाली, आणि तीच इंटरनेटवरही फुकट खुली आहे. मूळ पानाचं छायाचित्र, मूळ मजकूर, इंग्रजी अनुवाद आणि टिपा एकाच ठिकाणी मिळतात. नागपूरच्या धरमपेठेत बसा की जवळच्या उमरेडला, मोबाइलवर सगळं उघडतं.

माधुरी पुरंदरे यांच्या मराठी अनुवादामुळे आयर्व्हिंग स्टोनची कादंबरी आपल्याकडे घरोघरी गेली आणि व्हिन्सेंटची ओळख झाली. ती आवडली असेल तर उत्तमच. पण पत्रं वाचताना ती बाजूला ठेवा. तिथला व्हिन्सेंट कादंबरीकाराच्या वाक्यांत बोलतो. इथे तो स्वतःच्या वाक्यांत बोलतो, आणि ती जास्त वेडीवाकडी, जास्त जिवंत आहेत.

पहिल्या पत्रापासून सुरू करू नका

क्रमाने वाचायच्या हट्टाने बरेच लोक १८७२ पासून सुरुवात करतात आणि पुढच्या काही वर्षांच्या धार्मिक उपदेशात अडकून पडतात. एकच वर्ष निवडा: १८८८. फेब्रुवारीत तो पॅरिस सोडून दक्षिण फ्रान्समधल्या आर्लला गेला, आणि वर्षअखेरपर्यंत जे लिहिलं त्यात त्याचं सर्वोत्तम गद्य आहे. ते वर्ष मात्र सलग वाचा, उड्या मारू नका. रोज एक-दोन पत्रं पुरेत.

या पत्रांत ऊन आहे आणि मिस्त्राल नावाचा वारा आहे. तो वारा चित्राची घोडी उलथवतो, म्हणून व्हिन्सेंट तिचे पाय जमिनीत खुंट्या ठोकून बांधतो. मे महिन्यात दुपारी बाराला सीताबर्डीवर ज्याला जावं लागतं, त्याला उन्हाबद्दलची ही पत्रं वेगळी समजावून सांगायला नकोत. पण एक फरक लक्षात ठेवा. आपण उन्हापासून पळतो, तो उन्हासाठी तिथे गेलेला आहे. आपली तक्रार मनातून काढून ती पानं वाचा.

पैशांच्या ओळी गाळू नका

हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, म्हणून थोडं थांबतो. आर्लची पत्रं पुष्कळदा एकाच तऱ्हेने सुरू होतात: तुझं पत्र मिळालं, सोबतची पन्नास फ्रँकची नोट मिळाली, आभार. निवडक पत्रांच्या काही पुस्तकांत या ओळी कापलेल्या असतात. कापणाऱ्याला वाटतं, हिशेब कशाला. पण पुढचं सगळं या ओळींवर उभं आहे. धाकट्या भावाच्या पैशावर जगणारा मोठा भाऊ हे पत्र लिहितो आहे, आणि पानभर पिवळ्या रंगाबद्दल बोलतो तेव्हा तो त्या पैशाचा जाबही देत असतो.

एक माप हाताशी ठेवा. त्याने ज्याची अनेक चित्रं काढली तो टपाल खात्यातला रूलँ महिन्याला १३५ फ्रँक कमवायचा आणि त्यात तीन मुलं पोसायचा, असं व्हिन्सेंटनेच लिहिलं आहे. आता ऑक्टोबरमधलं ते पत्र वाचा, ज्यात गुरुवारपासून सोमवारपर्यंत मुख्यतः २३ कप कॉफी आणि उधारीच्या पावावर काढले असं तो सांगतो. या माणसाला पैसे कमी येत होते असं नाही. ते रंगात, कॅनव्हासात, चौकटींत जात होते. त्याला लाजही वाटते, आणि तो थांबतही नाही. ही दोन्ही माणसं एकाच परिच्छेदात बोलतात. कथा-कादंबरीत आपण पात्राची अशी ओढाताण शोधतो, इथे ती खर्चाच्या यादीत सापडते.

एकच गोष्ट दोघांना कशी सांगितली, ते बघा

पत्र हे कोणाला तरी लिहिलेलं असतं, हे वाचताना चटकन विसरायला होतं. त्यावर उपाय सोपा आहे. ऑक्टोबर १८८८ च्या मध्यात व्हिन्सेंटने आपल्या खोलीचं चित्र काढलं आणि लागोपाठ दोन पत्रांत त्याचं वर्णन केलं, एक थिओला आणि एक चित्रकार मित्र पॉल गोगँला. दोन्ही पत्रांत चित्राचं छोटं रेखाटनही आहे. ती दोन पत्रं शेजारी ठेवा.

थिओला तो आधी सांगतो की डोळे अजून थकलेले आहेत, सक्तीची विश्रांती घ्यावी लागली, आणि हे चित्र म्हणजे त्या विश्रांतीवर उगवलेला सूड आहे. मग यादी येते. भिंती फिकट जांभळ्या. जमीन लाल फरशांची. पलंग आणि खुर्च्या ताज्या लोण्यासारख्या पिवळ्या. चादर-उशी उजळ लिंबू-हिरवी. पांघरूण शेंदरी लाल. खिडकी हिरवी, टेबल नारिंगी, तस्त निळं, दारं लायलॅक रंगाची. आणि मग: बस, एवढंच, या बंद झडपांच्या खोलीत आणखी काही नाही.

हे मोठ्याने वाचा. वाक्यांत क्रियापदं जवळजवळ नाहीत. तो एकेक वस्तू जागेवर ठेवतो आणि पुढे जातो, आणि शेवटी झडप लावून घेतो. चित्र बघून डोक्याला, निदान कल्पनेला, विसावा मिळायला हवा असं तो म्हणतो, आणि तो विसावा वाक्यांच्या लांबीतच आलेला आहे.

गोगँला तीच खोली, जवळजवळ त्याच क्रमाने. पण तिथे पांघरूण रक्तासारखं लाल होतं. रंग सपाट पण जाड, ओबडधोबड थरांत लावल्याचं तो सांगतो, चित्रकार सरॉच्या साधेपणाचा हवाला देतो, आणि चित्रात पांढरं फक्त आरशात आहे हे लक्षात आणून देतो. भावाला तो थकवा सांगतो, बरोबरीच्या चित्रकाराला करामत सांगतो. गोगँ काही दिवसांतच, २३ ऑक्टोबरला, आर्लला राहायला येणार आहे, आणि येणाऱ्या पाहुण्यावर छाप पाडायची धडपड त्या पत्रात लपत नाही. दोन महिन्यांनी, २३ डिसेंबरला, त्याने कान कापला हे आपल्याला माहीत असतं, त्या वाक्यांना नसतं. वाचतानाही ते डोक्यात येऊ देऊ नका. अवघड आहे, पण जमतं.

त्या भिंती आज चित्रात निळ्या दिसतात, कारण लाल रंगद्रव्य काळाबरोबर उडालं. जांभळा पत्रातच टिकला आहे.

प्रसिद्ध वाक्यं परत जागेवर ठेवा

व्हिन्सेंटची सुटी वाक्यं भिंतीवरच्या दिनदर्शिकांपासून सकाळच्या शुभेच्छांपर्यंत सगळीकडे फिरतात. असं वाक्य भेटलं की पूर्ण पत्र शोधा आणि त्याच्या आधी-नंतर काय आहे ते वाचा. ताऱ्यांचंच घ्या. जुलै १८८८ मध्ये तो थिओला लिहितो की फ्रान्सच्या नकाशावरच्या काळ्या ठिपक्यांपर्यंत आपल्याला जाता येतं, मग आकाशातल्या चमकत्या ठिपक्यांपर्यंत का जाता येऊ नये? शेजारच्या तारास्कों गावाला जायला आगगाडी घेतो, तसा ताऱ्यावर जायला मृत्यू घ्यायचा. सुटं वाचलं तर हे हळवं वाटतं.

पण पुढे तो हाच धागा अगदी गंभीरपणे ताणतो. जमिनीवर बोटी, बसगाड्या आणि रेल्वे, तसे आकाशातल्या प्रवासासाठी पटकी, मुतखडा, क्षय आणि कर्करोग. म्हातारपणी शांतपणे मरणं म्हणजे तिथे पायी जाणं. आणि मग, काही न घडल्यासारखं: आता झोपतो, उशीर झालाय, शुभरात्र. रोगांची ती यादी आणि शेवटचा निरोप यांच्यामुळे त्या वाक्याला वजन येतं. दिवसभर काम करून दमलेला एक माणूस रात्री भावाशी मरणाबद्दल बोलतो, आणि दिवा विझवतो.

दुसऱ्या बाजूची शांतता ऐका

थिओने व्हिन्सेंटची पत्रं जपली. व्हिन्सेंटने थिओची फारशी जपली नाहीत, त्यामुळे ती चाळीसच्या आसपास उरली. म्हणजे आपण फोनवर बोलणाऱ्या माणसाच्या शेजारी बसलो आहोत. वाचताना कागद-पेन्सिल घ्या आणि थिओने काय विचारलं असेल, ते समासात लिहा. 'तू म्हणतोस त्यात तथ्य आहे, पण...' अशी ओळ आली की थांबा. थोड्याच दिवसांत तुम्हाला थिओचा आवाज यायला लागेल: सावध, प्रेमळ, कधी चिडलेला.

शेवटच्या पत्राकडे याच सावधपणे जा. गोळी लागल्यानंतर व्हिन्सेंटच्या अंगावर जे पत्र सापडलं, त्यात त्याने लिहिलं होतं की कामापायी मी जीव धोक्यात घालतो आणि माझी बुद्धी त्यात अर्धी बुडाली आहे. पुष्कळ ठिकाणी हेच 'शेवटचं पत्र' म्हणून छापतात. पण हा न पाठवलेला मसुदा आहे. २३ जुलै १८९० ला टपालात टाकलेलं पत्र वेगळं आहे. सुरुवात तीच, पन्नास फ्रँकच्या आभारांची. पण त्यात ती बुडालेली बुद्धी नाही. दोबिन्यी या चित्रकाराच्या बागेचं वर्णन आहे, रेखाटनं आहेत, रंगांची मागणी आहे. जे लिहिलं आणि धाडलं नाही, ते का धाडलं नाही? ही दोन पानं एकत्र वाचली की लेखकाचा हात दिसतो. भावाला काय सोसवेल याचा अंदाज घेणारा, शब्द मागे ठेवणारा हात.

आपल्या गावातून वाचा

वर्षभराची पत्रं झाली की मागे जा, १८८४ च्या न्यूनेन या डच गावाला. तिथे तो विणकरांची चित्रं काढत होता. मित्र राप्पार्डला तो मागाबद्दल लिहितो: ते ओकाचं काळं, अजस्र धूड, आणि त्याच्या आत बसून सकाळपासून रात्रीपर्यंत काठ्या खडखडवणारं माकड म्हणावं की भूत असं काहीतरी. हे पत्र गोळीबार चौकाच्या बाजूच्या कोष्टी वस्तीत लहानपण काढलेल्या कोणाला तरी वाचून दाखवा. हातमागाचा आवाज ज्याच्या कानात आहे तो लगेच सांगेल, कुठे वर्णन तंतोतंत आहे आणि कुठे चित्रकार बाहेर उभा राहून बघतोय. असा वाचक कोणत्याही टिपेपेक्षा मोलाचा. माणसाला माकड म्हणणं त्याला खटकेल. खटकायलाच हवं, आणि त्यावर बोलायलाही हवं.

शक्यतो चार-पाच जण मिळून वाचा. उन्हाळ्यात दुपारी कूलरसमोर एकाने पत्र वाचायचं, दुसऱ्याने थांबवून मराठीत सांगायचं. चित्रं त्यावेळी उघडू नका. आधी शब्दांतून खोली, माग, बाग डोळ्यांपुढे येऊ द्या, मग मोबाइलवर चित्र बघा. पत्रांतली रेखाटनं (दोनशेहून जास्त आहेत) मात्र चालतील, ती मजकुराचाच भाग आहेत. जिथे शब्द अपुरा पडला तिथे त्याने रेघ ओढली आहे.

व्हिन्सेंटनंतर जवळचे चित्रकार घ्या. सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ आपल्या नागपूरच्या कला विद्यालयात शिकले, मग मुंबई, आणि १९५० मध्ये फ्रान्स. त्यांची कृष्ण खन्ना आणि इतर चित्रकार मित्रांशी झालेली पत्रं पुस्तकरूपाने आली आहेत. अमृता शेरगिलची पत्रंही विवान सुंदरम यांनी संपादित केलेल्या दोन खंडांत मिळतात. रझांकडे तर दोन्ही बाजूंची पत्रं आहेत, म्हणजे थिओच्या बाबतीत जे समासात अंदाजाने लिहावं लागलं, ते इथे छापलेलं मिळेल. तरीही उत्तराचं पान उलटण्याआधी तुमचा अंदाज लिहून ठेवा, आणि मग दोन्ही ताडून बघा.