बागेचा नकाशा जमिनीवरच काढा

कागदावरच्या आराखड्याला सोसायटीत सगळे ‘छान’ म्हणतात आणि हरकती काढतात खड्डे खणल्यावर. कोपरखैरण्यात आम्ही चुन्याच्या फक्कीने वाफे खऱ्या मापात आखून आठवडाभर तसेच ठेवले. फक्की पावसात वाहून जाते, म्हणून हे मे महिन्यातच.

लोक वाफा तुडवत गेटकडे जायला लागले की वाट तिथेच हवी, समजायचं. वाट 3 फूट. वाफा 4 फुटांपेक्षा रुंद नको, मधोमध हात पोचत नाही. ड्रेनेजच्या चेंबरची झाकणं मोकळी सोडा.

उन्हाचा मात्र मे महिन्यावरून अंदाज बांधू नका: डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलतो, इमारतीच्या उत्तरेला दिवसभर सावली. तिथे टोमॅटो-वांगी नकोत, अळू लावा.

पाणी घालणाऱ्याचं नाव वाफ्यावर आधी, रोप नंतर.