सायकलसाठी अंतर्गत गिअरचा हब कसा निवडावा

अंतर्गत गिअरचा हब, म्हणजे मागच्या चाकाच्या मधल्या तुंब्यातच गिअर असलेला हब, घ्यायला निघालेला माणूस बहुधा सर्वप्रथम गिअरची संख्या विचारतो. माझ्या मते हा प्रश्न शेवटी यावा. आधी सायकलचा मागचा चिमटा, म्हणजे फ्रेमची मागचे चाक धरणारी दोन पाती, मोजावा, मग आपल्या नेहमीच्या वाटेवरचा सर्वांत वाईट चढ आठवावा, आणि या दोन्ही चाळण्यांतून जे हब खाली उरतील त्यांतूनच निवड करावी.

या हबमध्ये गिअर बदलणारी सारी यंत्रणा बंद कवचात असते. मधोमध एक्सलवर घट्ट बसलेले सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी लहान ग्रहचक्रे आणि त्यांना बाहेरून वेढणारे आतल्या दातांचे कडे, अशी तिची मांडणी असते. चेन डिरेलरप्रमाणे, म्हणजे चेन ढकलून गिअर बदलणाऱ्या नेहमीच्या उघड्या यंत्रणेप्रमाणे, एका चक्रावरून दुसऱ्यावर उडी मारत नाही, ती सरळ एकाच रेषेत चालते. त्यामुळे तिच्यावर पूर्ण झाकण बसवता येते आणि पावसाळ्यात रस्त्यावरची वाळू-चिखल तिला खात नाही. शिवाय सिग्नलला थांबल्यावर, पेडल न फिरवता, गिअर खाली आणता येतो. त्याची किंमत वजनात आणि थोड्याशा घर्षणात मोजावी लागते. स्वच्छ, वंगण दिलेल्या डिरेलरच्या तुलनेत हबमध्ये ताकद किंचित अधिक वाया जाते, पण पावसाळाभर ज्या अवस्थेत आपले डिरेलर असतात ती पाहता ही तक्रार मी फारशी मनावर घेत नाही.

आता मोजमाप. मागचे चाक काढून चिमट्याच्या दोन्ही पात्यांमधले आतले अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे. शिमानोच्या आठ गिअरच्या नेक्सस हबला 132 मिमी, तर शिमानोच्याच अल्फिन हबला आणि जर्मनीच्या रोलॉफ कंपनीच्या हबला 135 मिमी जागा लागते. तीन गिअरचे हब त्याहून अरुंद चिमट्यातही बसतात. जुनी पोलादी फ्रेम जाणकार कारागीर थोडी फाकवून देऊ शकतो, ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर मात्र हा प्रयोग कोणीही करू नये. त्याच वेळी फ्रेममधली एक्सल बसण्याची खाच पाहून घ्यावी. खाच आडवी असेल तर चाक मागे ओढून चेन ताणता येते. उभी असेल तर चेन ताणणारे वेगळे साधन लागते आणि त्याचा खर्च सुरुवातीलाच धरावा. तिसरी गोष्ट रिमच्या भोकांची. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींच्या मागच्या रिमला पुष्कळदा 40 भोके असतात आणि आजचे हब बहुतेक 36 किंवा 32 भोकांचे मिळतात, म्हणून जुनी रिम वापरण्याचा बेत असेल तर आधी आरे मोजावेत. आरे जिच्यात अडकतात ती हबची कड मोठी असल्याने जुने आरे लांब पडतात. ते नवे घ्यावेच लागतात.

खरा विचार करावा लागतो तो गुणोत्तराचा. समजा चाकाचा परीघ 2.15 मीटर आहे, पुढे 38 दात आणि मागे 19 दात आहेत. सरळ गिअरमध्ये, म्हणजे हबचे मागचे चक्र आणि चाक एकाच गतीने फिरतात त्या गिअरमध्ये, पेडलच्या एका फेरीत सायकल 4.30 मीटर जाईल आणि मिनिटाला 70 फेऱ्या धरल्यास वेग ताशी 18 किलोमीटर पडेल. सरळ गिअरमध्ये ग्रहचक्रांतून ताकद जात नाही, म्हणून घर्षण सर्वांत कमी असते. नेक्ससच्या तीन गिअरच्या हबमध्ये हा दुसरा असतो, आठच्या हबमध्ये पाचवा. सपाट रस्त्यावर आपण ज्या वेगाने सर्वाधिक काळ चालतो तो वेग याच गिअरवर पडेल असे दात निवडावेत.

मग चढ. तीन गिअरच्या नेक्ससचा पहिला गिअर सरळ गिअरच्या 0.733 पट असतो, म्हणजे वरच्या उदाहरणात एका फेरीला 3.15 मीटर, आठच्या नेक्ससचा 0.527 पट, म्हणजे 2.27 मीटर. कात्रजच्या जुन्या घाटात मिनिटाला 50 फेऱ्या टिकवायच्या तर पहिल्या हबवर ताशी साडेनऊ किलोमीटरचा वेग राखावा लागेल, दुसऱ्यावर सातहूनही कमी चालेल. पाठीवर सामान असलेल्या माणसाच्या गुडघ्यांना हा फरक लगेच कळतो. उलट घर ते कचेरी या वाटेवर एखादा उड्डाणपूल एवढाच चढ असेल, तर तीन गिअर पुरेसे असतात आणि आठांसाठी पैसे घालणे ही हौस ठरते. मागचे चक्र दोन-तीन दातांनी मोठे करून सगळे गिअर हलके करता येतात, मात्र पुढचे दात भागिले मागचे दात हे उत्तर कंपनीने दिलेल्या किमान मर्यादेखाली नेऊ नये, कारण गुणोत्तर जितके लहान तितका आतल्या दातांवर पिळा अधिक पडतो.

अकरा गिअरचा अल्फिन 409 टक्क्यांचा आणि चौदा गिअरचा रोलॉफ 526 टक्क्यांचा पल्ला देतो, म्हणजे सर्वांत जड गिअर सर्वांत हलक्याच्या अनुक्रमे 4.09 आणि 5.26 पट असतो, आणि रोलॉफच्या एका गिअरवरून पुढच्यावर जाणाऱ्या सगळ्या पायऱ्या 13.6 टक्क्यांच्या, एकसारख्या आहेत. दोन्हींत तेल असते व ते ठरावीक काळाने बदलावे लागते. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांनी त्यांचा विचार जरूर करावा.

जुना हब हाती आला तर तोही टाकाऊ समजू नये. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा एडब्ल्यू हब 1936 साली बाजारात आला आणि त्याच्या कवचावर बहुधा निर्मितीचे वर्ष कोरलेले असते. त्याचा एक दोष ठाऊक असावा: दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक रिकामी जागा आहे, आणि केबल नीट जुळलेली नसेल तर तिथे पेडल एकदम मोकळे फिरते. उभे राहून जोर लावताना माझे तसे झाले आणि नडगी दांड्यावर आपटली, तेव्हापासून बसायच्या आधी मी केबल पाहतो. दुसरा गिअर लावून एक्सलच्या टोकाच्या भोकातून डोकावायचे. आतल्या दांडीचे टोक एक्सलच्या टोकाशी बरोबर समपातळीत दिसले पाहिजे. नेक्ससच्या आठ गिअरच्या हबवर हेच काम चौथ्या गिअरमध्ये दोन पिवळ्या खुणा समोरासमोर आणून होते.

ब्रेक हबसोबतच ठरतो, कारण डिस्क, रोलर आणि साध्या रिम-ब्रेकसाठी हबचे नमुने निराळे असतात. घाट उतरणाऱ्याने रोलर ब्रेकवर, म्हणजे हबच्या बाजूला बसणाऱ्या बंद ब्रेकवर, विसंबू नये. लांब उतारावर तो तापतो.

घेताना पेटीत न फिरणारे खास वायसर आहेत की नाहीत हे तपासावे. एक्सलला उलटा पिळा बसतो तो हेच वायसर खाचेत अडकून थोपवतात, आणि उभ्या व आडव्या खाचेसाठी ते वेगवेगळ्या रंगांचे येतात. पंक्चरची भीती मात्र बाळगू नये. आपला पंक्चरवाला चाक न काढता, टायर एका बाजूने उचकटून, ट्यूब बाहेर ओढून ठिगळ लावतो, आणि या हबवरही ते तसेच जमते. टायर बदलायचा असेल तेव्हाच चाक काढावे लागते. त्यासाठी केबल सोडवून पुन्हा जोडण्याचा सराव घरी, दिवसाउजेडी एकदा करून ठेवावा आणि नटांना बसणारा 15 मिमीचा पाना पिशवीत टाकावा.